डग्लस हाइड : मौखिक परंपरा, वाङ्मयेतिहास आणि रंगभूमी – एक चिकित्सक विचार

गोषवारा

आयर्लंडमधील भाषा-पुनरुज्जीवन चळवळीचे अध्वर्यू आणि डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील आधुनिक आयरिशचे पहिले प्राध्यापक डग्लस हाइड (१८६०–१९४९) यांच्या लोककथा-संकलन, गीतसंपादन, वाङ्मयेतिहास-लेखन आणि नाट्यलेखन या चार अंगांचा प्रस्तुत लेखात एकत्रित विचार केला आहे. ‘बोलणाऱ्या माणसासह बोललेला शब्द’ हेच हाइड यांच्या समग्र कार्याचे अधिष्ठान होते. मात्र त्या शब्दाचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर मूळ भाषेपेक्षा इंग्रजी साहित्यालाच अधिक फलदायी ठरले, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : आयरिश भाषा, लोकसाहित्य, भाषांतर, गेलिक लीग, आयरिश रंगभूमी.

१. प्रास्ताविक

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या आयरिश साहित्याचा आपल्याकडील परिचय प्रामुख्याने महाविद्यालयीन इंग्रजीच्या अभ्यासक्रमातून झालेला आहे. येट्स यांची कविता, सिंज यांची नाटके आणि लेडी ग्रेगरी यांच्या एकांकिका अभ्यासताना डग्लस हाइड हे नाव येते; पण ते बहुधा तळटीपेत येते. ज्याच्या पुस्तकांतून इतरांना साहित्यसामग्री मिळाली असा एक संग्राहक, एवढीच त्यांची ओळख राहते. दुसरीकडे राजकीय इतिहासात त्यांची नोंद १९३८ ते १९४५ या काळातील आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष म्हणून होते. या दोन्ही ओळखी खऱ्या असल्या तरी त्यांच्या मधले सारे कार्य त्यामुळे झाकले जाते.

हाइड यांनी लोककथा गोळा केल्या, लोकगीते संपादित केली, आयरिश भाषेतील वाङ्मयाचा इतिहास लिहिला, नाटके लिहिली, त्यांत स्वतः भूमिका केल्या आणि १९०९ ते १९३२ अशी तेवीस वर्षे प्राध्यापकपद सांभाळले. ही सर्व कार्ये सुटी सुटी पाहण्याची प्रथा आहे. लोकसाहित्याचे अभ्यासक त्यांच्या संकलनपद्धतीचा, नाट्यसमीक्षक त्यांच्या एखाद्या एकांकिकेचा आणि इतिहासकार त्यांच्या चळवळीचा विचार करतात. परिणामी या सर्व कार्यांना जोडणारे सूत्र कोणते आणि त्या सूत्राचे अंतिम फलित काय, हा प्रश्न बाजूला राहतो. प्रस्तुत लेखाचा विषय हाच प्रश्न आहे.

२. जडणघडण : कानाने शिकलेली भाषा

हाइड यांचा जन्म १७ जानेवारी १८६० रोजी रॉसकॉमन परगण्यातील कॅसलरे येथे झाला. वडील प्रोटेस्टंट धर्मगुरू असल्यामुळे कुटुंब स्वाभाविकपणेच इंग्रजी भाषक आणि प्रतिष्ठित वर्गातील होते. ज्या भाषेसाठी हाइड यांनी आयुष्य वेचले ती त्यांच्या घरची भाषा नव्हती, शाळेचीही नव्हती. फ्रेंचपार्क परिसरात वास्तव्य असताना ती त्यांना सेमस हार्ट नावाचा एक राखणदार आणि आसपासच्या शेतकरी कुटुंबांतील वृद्ध स्त्रीपुरुष यांच्या तोंडून ऐकायला मिळाली. १८७४ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांनी आयरिशमध्ये रोजनिशी लिहायला घेतली. आयरिशचे शुद्धलेखन अवगत नसल्यामुळे कानाला ऐकू आलेले शब्द ते इंग्रजी वर्णोच्चाराच्या आधाराने लिहीत असत. १८७५ मध्ये हार्टचे निधन झाले तेव्हा त्याच्या कथांपैकी फारच थोड्या लिहून झाल्या होत्या.

हाइड यांच्या पुढील कार्याची दिशा या तपशिलांतून स्पष्ट होते. समकालीन बहुतेक युरोपीय पंडितांनी आयरिश भाषा हस्तलिखितांतून शिकली होती. त्यांच्या दृष्टीने ती मध्ययुगीन आणि प्राचीन विद्येची भाषा होती. हाइड यांनाही पुढे हस्तलिखितांचे ज्ञान झाले. पण भाषेचा पहिला प्रत्यय त्यांना विशिष्ट माणसाच्या आवाजात आला होता. माणूस गेला की त्याच्याबरोबर साहित्याचा एक भाग कायमचा जातो, हे त्यांना फार लहान वयात कळले.

त्या काळातील भाषिक स्थितीही लक्षात घेतली पाहिजे. १८४५ नंतरच्या महादुष्काळाने आणि स्थलांतराने आयरिश भाषकांच्या प्रदेशावर सर्वाधिक आघात केला होता. १८५१ च्या जनगणनेत आयरिश भाषकांची संख्या सुमारे १५ लाख होती. १८९१ मध्ये ती सुमारे ६ लाख ८० हजारांवर आली. आईवडील आपसांत आयरिश बोलतात आणि मुलांशी मात्र इंग्रजीत बोलतात, असे दृश्य सर्वत्र दिसत होते.

३. लोककथा-संकलन : निवेदकाचे नाव

१८८९ मध्ये हाइड यांचा आयरिश कथांचा पहिला संग्रह प्रसिद्ध झाला आणि १८९० मध्ये ‘बिसाइड द फायर’ (शेकोटीच्या कडेला) हा इंग्रजी अनुवादासहित संग्रह आला. या दुसऱ्या ग्रंथाची प्रस्तावना आयरिश लोकसाहित्याच्या अभ्यासातील एक महत्त्वाचा टप्पा मानावी लागेल.

या प्रस्तावनेत हाइड यांनी आपल्या पूर्वसूरींची परखड तपासणी केली आहे. क्रॉफ्टन क्रोकर, पॅट्रिक केनेडी आणि लेडी वाइल्ड यांनी आयरिश लोककथा इंग्रजी वाचकांपर्यंत नेल्या हे त्यांना मान्य आहे. तथापि ही कथा कोणी सांगितली, कोठे सांगितली, कोणत्या भाषेत सांगितली, तिच्यात संग्राहकाने काय घातले आणि काय गाळले, या प्रश्नांची उत्तरे त्या ग्रंथांत मिळत नाहीत, असा त्यांचा मुख्य आक्षेप आहे. आदर्श म्हणून ते स्कॉटलंडमधील आयला बेटाचे जॉन फ्रान्सिस कॅम्बेल यांच्याकडे पाहतात. कॅम्बेल यांनी १८६० ते १८६२ या काळात पश्चिम हायलंड प्रदेशातील कथा मूळ गेलिक संहिता आणि निवेदकांचा तपशील यांसह प्रसिद्ध केल्या होत्या. हाइड यांनी आपल्या ग्रंथात हीच पद्धती स्वीकारली. काही कथांची मूळ आयरिश संहिता आणि अनुवाद त्यांनी समोरासमोर छापला आणि कथा कोणाकडून मिळाली याची नोंद केली.

वरवर पाहता हा केवळ पद्धतीचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे एक वाङ्मयीन भूमिका आहे. निवेदकाचे नाव नसलेली कथा ही ‘जनसामान्यांची’ म्हणून कोणाचीही होते. तिला हवे तसे सजवता येते. नाव आले की निवेदक हा स्वतंत्र शैलीचा, स्मरणशक्तीचा आणि आवडीनिवडींचा कलावंत ठरतो. हाइड यांच्या पूर्वीच्या संग्रहांत आयरिश खेडूत हा प्रायः विनोदाचा किंवा कुतूहलाचा विषय होता. हाइड यांनी त्याला कर्त्याचे स्थान दिले. आज ही गोष्ट लोकसाहित्याच्या विद्यार्थ्याला प्राथमिक वाटेल. १८९० मध्ये ती प्राथमिक नव्हती.

तथापि हाइड यांच्या आचरणात ही भूमिका सर्वत्र सारख्या काटेकोरपणे उतरली आहे असे म्हणता येत नाही. निवेदनाचा प्रसंग, श्रोत्यांचा सहभाग, निवेदकाचे हावभाव यांची नोंद त्यांच्या संग्रहांत क्वचितच आढळते. त्यांना संहिता हवी होती. कथनाची घटना टिपण्याची साधने आणि संकल्पना पुढच्या पिढीने विकसित केल्या.

४. कॉनॉटची प्रेमगीते : भाषांतराचे दुहेरी फलित

१८९३ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘लव्ह साँग्ज ऑफ कॉनॉट’ हा हाइड यांचा सर्वाधिक प्रभावी ग्रंथ होय. कॉनॉट या पश्चिमेकडील प्रांतातील प्रेमगीते त्यांनी लोकांच्या तोंडून आणि हस्तलिखितांतून मिळवली होती. ग्रंथाची रचना वैशिष्ट्यपूर्ण आहे. एका पानावर आयरिश गीत आणि त्याभोवतीचे आयरिश निवेदन. समोरच्या पानावर त्याचे इंग्रजी रूप. अनेक गीतांची पद्यरूपांतरे करताना त्यांनी आयरिश छंदातील अंतर्गत यमके आणि स्वरसाम्य इंग्रजीत आणण्याचा प्रयत्न केला. काही गीतांचे शब्दशः गद्य भाषांतरही दिले.

हे गद्य भाषांतर विद्यार्थ्यांना मूळ गीत समजावे एवढ्याच हेतूने केलेले होते. परंतु साहित्यिक दृष्ट्या तेच अधिक समर्थ ठरले. त्याचे कारण भाषेच्या रचनेत आहे. आयरिशमध्ये ‘असणे’ या अर्थी मालकी दाखवणारे स्वतंत्र क्रियापद नाही. मराठीत आपण ‘माझ्याजवळ आहे’ म्हणतो तशीच काहीशी रचना तेथे होते. ज्या शब्दावर भर द्यायचा तो वाक्याच्या आरंभी आणून उरलेले वाक्य त्याला जोडले जाते. नुकतीच पूर्ण झालेली क्रिया ‘त्या क्रियेच्या नंतर असणे’ अशा रीतीने सांगितली जाते. पश्चिम आयर्लंडमधील शेतकऱ्यांच्या इंग्रजीत या रचना आधीच उतरल्या होत्या. नाटकांत आणि विनोदी लेखनात त्या इंग्रजीची टिंगल होत असे. हाइड यांनी तिचाच उपयोग प्रेम, विरह आणि मृत्यू यांच्या अभिव्यक्तीसाठी केला. हास्यास्पद समजल्या गेलेल्या बोलीत गंभीर काव्य व्यक्त होऊ शकते, हे त्यामुळे सिद्ध झाले.

येट्स यांनी या गुणाची जाण तत्काळ दाखवली. १९०४ मध्ये डन एमर छापखान्याने या गीतांची जी आवृत्ती काढली तिला येट्स यांनीच प्रास्ताविक लिहिले. हाइड यांच्या पद्यापेक्षा त्यांचे गद्य येट्स यांना अधिक मोलाचे वाटे. लेडी ग्रेगरी यांनी आपल्या कथारूपांतरांत अशीच बोली वापरली आणि सिंज यांच्या नाटकांत ती परिपक्व झाली. सिंज स्वतः आयरिश जाणत होते आणि १८९८ पासून अॅरन बेटांवर वारंवार राहिले होते. त्यामुळे त्यांच्या भाषेचे सारे श्रेय हाइड यांना देणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु ही बोली गंभीर साहित्याची भाषा होऊ शकते याचा वस्तुपाठ हाइड यांच्या ग्रंथात सिंज यांच्या आधी उपलब्ध होता, हे निर्विवाद आहे.

येथेच हाइड यांच्या कार्यातील मध्यवर्ती विसंगती समोर येते. २५ नोव्हेंबर १८९२ रोजी डब्लिनच्या नॅशनल लिटररी सोसायटीसमोर केलेल्या भाषणात त्यांनी आयर्लंडच्या इंग्रजीकरणाविरुद्ध आवाज उठवला होता. इंग्लंडचा द्वेष करायचा आणि त्याच वेळी भाषा, नावे, वेशभूषा, खेळ व वाचन यांत त्याचेच अनुकरण करायचे, या वृत्तीवर त्यांचा मुख्य रोख होता. त्यावर येट्स यांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वृत्तपत्रातून प्रतिप्रश्न केला : इंग्रजी भाषेत राहूनही आत्म्याने आयरिश असणारे साहित्य का निर्माण होऊ नये? या प्रश्नाचे सर्वांत प्रभावी होकारार्थी उत्तर पुढच्याच वर्षी हाइड यांच्याच ग्रंथातून मिळाले. आयरिश भाषा शिकण्याची पायरी म्हणून त्यांनी जे भाषांतर सिद्ध केले त्या पायरीवरच वाचक थांबले. डाव्या पानावरचे आयरिश वाचता येण्यासाठी उजवे पान होते. उजवे पान पुरेसे सुंदर असल्यामुळे डाव्या पानाची गरज अनेकांना उरली नाही.

५. कर्तृत्वाचा प्रश्न : राफ्टरी

आंधळा लोककवी अँथनी राफ्टरी (१७७९–१८३५) याच्या गीतांचे संपादन हे हाइड यांच्या निष्ठेचे आणि मर्यादेचेही उदाहरण आहे. खेडोपाडी फिरून सारंगीसारखे वाद्य वाजवत गाणारा हा कवी लोकांच्या स्मरणात होता. पण छापील साहित्याला तो जवळजवळ अज्ञात होता. हाइड आणि लेडी ग्रेगरी यांनी त्याची गीते वृद्धांकडून आणि हस्तलिखितांतून शोधली. १९०० मध्ये गॉलवे परगण्यातील किलीनीन येथे त्याच्या स्मरणार्थ थडग्याची शिळा उभारण्यात आली आणि १९०३ मध्ये हाइड यांनी गीतसंग्रह प्रसिद्ध केला. ग्रंथाच्या नावातच त्यांनी ही गीते राफ्टरीची ‘म्हणून मानली जाणारी’ आहेत असे सूचित केले आहे. संपादकाची ही सावधगिरी महत्त्वाची आहे. कारण राफ्टरीचे म्हणून सर्वांत प्रसिद्ध झालेले आत्मपरिचयपर छोटे कवन पुढील संशोधनानुसार त्याचे नसावे. ते अमेरिकेतील ओस्वेगो येथे राहणाऱ्या शॉन ओ केली या आयरिश स्थलांतरिताचे असावे, असे आता मानले जाते. पुढे आयर्लंडमधील शाळकरी मुलांना तोंडपाठ झालेले हे कवन मौखिक परंपरेतून आले की स्थलांतरिताच्या लेखणीतून, हा प्रश्न ‘अस्सल’ या शब्दाचा वापर किती जपून करावा लागतो हे दाखवून देतो.

६. वाङ्मयेतिहास आणि १८९९ चा वाद

१८९९ हे वर्ष हाइड यांच्या विद्वत्तेच्या दृष्टीने निर्णायक ठरले. त्या वर्षी त्यांचा ‘अ लिटररी हिस्टरी ऑफ आयर्लंड’ हा बृहद् ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्राचीन काळापासूनच्या आयरिश भाषेतील वाङ्मयाचा सलग आढावा त्यात घेतला होता. इंग्रजीत लिहिणाऱ्या आयरिश लेखकांना त्यांनी जाणीवपूर्वक वगळले. स्विफ्ट, गोल्डस्मिथ आणि बर्क यांच्याविना आयर्लंडचा वाङ्मयेतिहास लिहिणे हे तत्कालीन वाचकाला धक्कादायक वाटणे साहजिक होते. या वगळण्यामागे एक सुस्पष्ट सिद्धान्त होता : एखाद्या देशाच्या वाङ्मयाची व्याख्या लेखकाच्या जन्मस्थानाने होत नाही, भाषेने होते.

त्याच वर्षी माध्यमिक शिक्षणात आयरिशला स्थान असावे की नाही याविषयी चौकशी आयोगासमोर साक्षी झाल्या. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील महाफी आणि अॅटकिन्सन या दोन प्राध्यापकांनी तीव्र विरोध केला. आयरिशमधील पाठ्यग्रंथ एक तर धार्मिक, नाही तर पोरकट किंवा अश्लील असतात असा महाफी यांचा सूर होता; अॅटकिन्सन यांनी तर लोकसाहित्यमात्राला हीन ठरवले. विशेष म्हणजे अॅटकिन्सन स्वतः जुन्या आयरिशचे संपादक होते. मृत हस्तलिखितांचा आदर आणि जिवंत भाषकांचा तिरस्कार एकाच विद्वानात नांदू शकतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

हाइड यांनी या साक्षींना भावनेने उत्तर दिले नाही. त्यांनी कुनो मायर, विंडिश, त्सिमर यांच्यासारख्या युरोपातील मान्यवर केल्टिक पंडितांची लेखी मते मिळवून आयोगापुढे ठेवली. युरोपीय विद्यापीठांत ज्या वाङ्मयाचा गौरव होतो ते स्वतःच्या देशात शिकवण्यास अयोग्य कसे, हा त्यांचा युक्तिवाद प्रभावी ठरला आणि माध्यमिक शिक्षणात आयरिशचे स्थान बळकट झाले. मात्र एक गोष्ट नोंदवली पाहिजे. सेमस हार्टच्या भाषेची प्रतिष्ठा सिद्ध करण्यासाठी अखेर जर्मन विद्यापीठांची साक्ष काढावी लागली. ज्या सत्तेपुढे वाद चालला होता तिला शेतकऱ्याचा शब्द प्रमाण नव्हता.

७. रंगभूमी : गवताचा दोर

२१ ऑक्टोबर १९०१ रोजी डब्लिनच्या गेएटी थिएटरमध्ये आयरिश लिटररी थिएटरच्या तिसऱ्या वर्षीच्या प्रयोगांत दोन नाटके झाली. पहिले येट्स आणि जॉर्ज मूर यांनी इंग्रजीत लिहिलेले ‘डियरमिड अँड ग्रानिया’. ते फ्रँक बेन्सन यांच्या व्यावसायिक इंग्लिश मंडळीने सादर केले. दुसरे हाइड यांचे आयरिश भाषेतील ‘कासा अन् तूगॉन’ म्हणजे ‘दोर वळणे’. ही एकांकिका गेलिक लीगच्या हौशी कार्यकर्त्यांनी केली आणि नायकाची भूमिका स्वतः हाइड यांनी केली. डब्लिनच्या मोठ्या व्यावसायिक रंगमंचावरील हे पहिले आयरिश-भाषी नाटक मानले जाते.

कथानक साधे आहे. मन्स्टर प्रांतातील एका शेतकऱ्याच्या घरी नाचगाणे चालले आहे. हॅनरहान नावाचा कॉनॉटचा भटका कवी तेथे येतो आणि घरच्या मुलीला, ऊनाला, आपल्या शब्दांनी मोहवतो. तिचे लग्न शेमस नावाच्या तरुणाशी ठरलेले आहे. कवीला हाकलून द्यावे तर त्याचा शाप लागेल ही भीती. मग एक युक्ती काढली जाते. बाहेर गाडी उलटली आहे, तिच्यासाठी गवताचा दोर हवा आहे. पण मन्स्टरमध्ये दोर वळणे कोणालाच येत नाही, असे सोंग घरातील मंडळी करतात. कॉनॉटचा अभिमान डिवचला गेल्यामुळे कवी दोर वळायला लागतो. दोर वळणारा मागे मागे सरकत जातो. तसा तोही सरकत सरकत दाराबाहेर पडतो आणि दार लावून घेतले जाते.

या एकांकिकेचे बीज येट्स यांच्या हॅनरहान-कथेत आहे आणि आराखडाही येट्स यांनी पुरवला होता. ज्या लोकगीतावर हे सारे आधारलेले आहे ते मात्र हाइड यांच्या प्रेमगीतांच्या संग्रहात आढळते. म्हणजे संग्राहकाचे टिपण, इंग्रजी कवीची कथा आणि पुन्हा आयरिश नाटक असा हा प्रवास आहे. येट्स यांच्या कथेतील गूढता हाइड यांनी टाकून दिली आणि तिच्या जागी घरगुती विनोद आणला. हा बदल हिणकस मानण्याचे कारण नाही. गीत, शाप, स्तुती आणि चढाओढीचे संभाषण ही मौखिक परंपरेचीच रूपे आहेत. या नाटकात ती घटना घडवतात. कवीच्या शब्दांचे घरावर असलेले सामर्थ्य आणि त्या सामर्थ्याची मर्यादा यांचा हा खेळ आहे. शब्दाने मोहवणारा कवी शब्दानेच फसतो.

नाट्यगुणांच्या दृष्टीने या एकांकिकेत उणिवा आहेत. ऊनाच्या मनाला फारसा वाव नाही. तिची आई आणि शेजारीण या मुख्यतः युक्तीच्या वाहक आहेत. पण दोर वळण्याच्या कृतीत हाइड यांना जे दृश्य सापडले ते रंगभूमीचे अस्सल दृश्य आहे. प्रेक्षकाला भाषा कळली नाही तरी मागे सरकणारा माणूस आणि बंद होणारे दार कळते. गेएटीतील प्रेक्षकांत आयरिश पूर्णपणे न कळणारे अनेक जण असणार हे हाइड यांना ठाऊक होते. त्यांच्यासाठी ही योजना उपयुक्त होती.

मे १९०२ मध्ये जॉर्ज मूर यांच्या डब्लिनमधील बागेत त्यांचे ‘कल्हईवाला आणि परी’ हे नाटक झाले. कल्हईवाल्याची भूमिका हाइड यांनी आणि परीची शिनेड फ्लॅनगन यांनी केली. १९०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुडबुडा फुटला’ या प्रहसनात त्यांनी १८९९ च्या वादाचा हिशेब चुकता केला. आयरिशचा तिरस्कार करणाऱ्या कॉलेजातील प्राध्यापकांना शाप मिळतो आणि नेमक्या प्रतिष्ठित पाहुण्यांसमोर त्यांच्या तोंडून आयरिशशिवाय दुसरी भाषाच निघत नाही. शापाची लोककल्पना विद्यापीठीय उपहासासाठी वापरण्याची ही कल्पकता लक्षणीय आहे.

मात्र रंगभूमीवरही प्रेमगीतांचीच पुनरावृत्ती झाली. लेडी ग्रेगरी यांनी हाइड यांच्या चार नाटकांची इंग्रजी भाषांतरे १९०३ मध्ये आपल्या ‘पोएट्स अँड ड्रीमर्स’ या ग्रंथात दिली. हाइड यांच्या गरीबखान्यावरील आयरिश एकांकिकेतून १९०८ मध्ये ग्रेगरी यांची ‘द वर्कहाउस वॉर्ड’ ही इंग्रजी एकांकिका साकारली. ती पुढे अनेक रंगमंचांवर गाजली; मूळ आयरिश कृती मात्र अभ्यासकांपुरती उरली. २७ डिसेंबर १९०४ रोजी सुरू झालेल्या अॅबी थिएटरची मुख्य भाषा इंग्रजीच राहिली. आयरिश भाषेच्या स्वतंत्र नाट्यगृहासाठी १९२८ मध्ये गॉलवे येथे ‘ताइव्यार्क’ स्थापन होईपर्यंत वाट पाहावी लागली.

८. चळवळ, अध्यापन आणि संस्था

३१ जुलै १८९३ रोजी स्थापन झालेल्या गेलिक लीगचे हाइड हे पहिले अध्यक्ष होते. भाषावर्ग, मेळावे, नियतकालिके आणि नाट्यप्रयोग यांच्याद्वारे या संस्थेने भाषेला सार्वजनिक प्रतिष्ठा मिळवून दिली. भाषा ही धर्म आणि पक्ष यांच्या पलीकडची भूमी असावी, हा हाइड यांचा आग्रह होता. १९१५ मध्ये डंडॉक येथील अधिवेशनात संस्थेने राजकीय स्वातंत्र्याचे उद्दिष्ट स्वीकारले तेव्हा त्यांनी अध्यक्षपद सोडले. त्यांची भूमिका तत्त्वनिष्ठ होती; पण इंग्रजीकरणाला विरोध करणारी चळवळ राजकारणापासून अलिप्त राहील ही अपेक्षा वास्तवाला धरून नव्हती.

नव्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत आयरिश सक्तीची असावी, ही मागणी १९१० मध्ये मान्य झाली आणि १९१३ पासून अमलात आली. तोवर हाइड प्राध्यापक झाले होते. त्यांच्या अध्यापनकाळाचे सर्वांत दूरगामी फळ लोकसाहित्याच्या क्षेत्रात दिसते. त्यांचे साहाय्यक म्हणून काम केलेले जेम्स डेलार्गी यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये आयरिश लोकसाहित्य संस्था स्थापन झाली. तिच्या नियतकालिकाच्या आयरिश नावाचा अर्थ ‘मुखातून मिळणारी विद्या’ असा होतो. १९३५ मध्ये शासकीय आयरिश लोकसाहित्य आयोग अस्तित्वात आला. १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५,००० शाळांतील मुलांनी आपल्या घरच्या आणि शेजारच्या वडीलधाऱ्यांकडून कथा व माहिती लिहून आणली. हा सारा संग्रह आज डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आहे आणि २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत त्याचा समावेश झाला. निवेदकाचे नाव, गाव आणि तारीख नोंदवण्याचा हाइड यांचा आग्रह येथे राष्ट्रीय कार्यपद्धती झाला.

९. मूल्यमापन

हाइड यांच्यावरील आक्षेपांपैकी दोन विशेष विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की त्यांच्या १८९२ च्या भाषणात ‘वंश’ या कल्पनेवर अवाजवी भार आहे. हा आक्षेप मान्य करावा लागतो. भाषा ही रक्तातून येत नाही याचा सर्वांत उत्तम पुरावा इंग्रजी भाषक घरात जन्मलेले आणि शेजाऱ्यांकडून आयरिश शिकलेले हाइड हेच होते. त्यांचे चरित्र त्यांच्या सिद्धान्ताला छेद देते.

दुसरा आक्षेप असा की त्यांनी भाषेला वर्गात नेले, घरात नेले नाही. २०२२ च्या जनगणनेनुसार आयर्लंडच्या प्रजासत्ताकात आयरिश येत असल्याचे सांगणारे १८,७३,९९७ लोक होते. शिक्षणसंस्थांबाहेर ती रोज बोलणारे केवळ ७१,९६८. या दोन संख्यांतील अंतर हे पुनरुज्जीवनाच्या यशाचे आणि अपयशाचेही माप आहे. परंतु याचा दोष हाइड यांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. पश्चिमेकडील खेड्यांतील दारिद्र्य आणि स्थलांतर हे भाषेच्या ऱ्हासाचे प्रमुख कारण होते आणि त्यावर भाषावर्ग हा उपाय नव्हता. ज्या शेतकऱ्याच्या शब्दाला त्यांनी साहित्याचा दर्जा दिला, त्या शेतकऱ्याच्या मुलाला गावात राहता येईल अशी व्यवस्था मात्र त्यांच्या विचारकक्षेत फारशी आली नाही. ही त्यांच्या दृष्टीची खरी मर्यादा होय.

१०. समारोप

संग्राहक, संपादक, इतिहासकार, नाटककार आणि प्राध्यापक या सर्व भूमिकांत हाइड यांनी एकच गोष्ट सांगितली : बोलला जाणारा शब्द हा साहित्याचा कच्चा माल नसून साहित्यच आहे आणि त्याचा कर्ता नावानिशी ओळखला गेला पाहिजे. हे तत्त्व आज लोकसाहित्याच्या अभ्यासात सर्वमान्य झाले आहे. त्याच वेळी त्यांच्या उदाहरणातून एक अवघड बोध मिळतो. ऱ्हासाला लागलेल्या भाषेतील साहित्याचे समर्थ भाषेत उत्तम भाषांतर झाले की त्या साहित्याला कीर्ती मिळते. पण मूळ भाषेला वाचक मिळतीलच असे नाही. भाषांतर करू नये असा याचा अर्थ नाही. हाइड यांनी भाषांतर केले नसते तर ती गीते आज फारच थोड्यांना ठाऊक असती. भाषांतर झाले म्हणजे भाषेप्रती असलेले कर्तव्य पार पडले, असे अभ्यासकाने समजू नये, एवढाच त्याचा अर्थ. हाइड यांना हे उमगले होते, म्हणूनच गेएटीच्या रंगमंचावर ते स्वतः आयरिशमध्ये बोलत उभे राहिले. त्यांच्या ग्रंथांचे वाचन करताना उजव्या पानाबरोबर डाव्या पानाचेही अस्तित्व ध्यानात ठेवणे, हे त्यांच्या कार्याचे यथार्थ आकलन ठरेल.